मुलाचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि त्यापुढचे कागद : क्रम कुठे चुकतो, हेलपाटे कसे वाचतात

बहुतेक कुटुंबं सुरुवात शेवटाकडून करतात. कुणीतरी सांगतं, 'अमुक योजनेत पैसे मिळतात', मग तहसील कार्यालयात रांग लागते. तिथे प्रमाणपत्र मागतात. प्रमाणपत्राला गेलं की आधारवरचं नाव जुळत नाही, आणि आधार दुरुस्त करायला गेलं की जन्मदाखल्यावर तिसरंच स्पेलिंग निघतं. आकडी येणारं, चालता न येणारं किंवा गर्दीत घाबरणारं लेकरू कडेवर घेऊन केलेली यातली प्रत्येक फेरी आईबापाला किती महाग पडते, हे टेबलामागच्या माणसाला दिसत नाही.

हा लेख महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांचा विचार यात मुख्यतः केला आहे. तुम्ही आई-वडील असा, आजोबा असा, मामा असा किंवा शाळेतल्या बाई असा, कागदांची जबाबदारी एकाच माणसाने घ्यावी आणि खालचा क्रम मोडू नये.

टप्पा १ : मुलाचं नाव सगळीकडे एकच करा

जन्मदाखला, आधार आणि रेशनकार्ड एका ओळीत टेबलावर मांडा. मराठी नाव सारखं दिसलं म्हणून समाधान मानू नका, इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर लावून बघा. 'ओंकार'मध्ये एका कागदावर 'एम' आणि दुसऱ्यावर 'एन' असतो. वडिलांच्या नावात 'राव' कुठे असतं, कुठे नसतं. यूडीआयडीची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची आणि प्रमाणपत्राची, माहिती आधारशी पडताळली जाते. तिथे चुकलेलं स्पेलिंग पुढे विमा, शाळा, बँक आणि पालकत्वाच्या कागदांत तसंच उतरत जातं.

जन्मदाखला चुकीचा असेल तर तो आधी दुरुस्त करा. आधार त्यानंतर, जन्मदाखल्यावरून. हा क्रम उलटा करू नका, कारण आधारमधली जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा. ती संधी चुकीच्या दाखल्यावर वाया गेली तर पुढे फार खेपा होतात.

मूल ५ वर्षांचं आणि १५ वर्षांचं झालं की आधारचे बायोमेट्रिक अपडेट करावे लागतात. बोटं घट्ट वळलेली असतील किंवा मूल डोळे स्थिर ठेवत नसेल तर केंद्रावरचा माणूस 'होत नाही' म्हणून परत पाठवतो. बायोमेट्रिक घेता येत नाहीत अशांसाठी आधारमध्ये अपवादाची सोय आहे. ती नाव घेऊन मागा.

मोबाइल नंबरचाही आत्ताच विचार करा. पुष्कळ घरांत नंबर वडिलांचा असतो. वडील कामावर पुण्यात किंवा सुरतेला, आणि आई तालुक्याच्या केंद्रात उभी. ओटीपी वडिलांच्या फोनवर जातो, वडील फोन उचलेपर्यंत त्याची मुदत संपते. जो माणूस मुलाला घेऊन फिरणार आहे, त्याचाच चालू नंबर जोडा आणि पुढची काही वर्षं तो बंद पडू देऊ नका.

> पुढे जाण्याआधी तपासा : नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख तिन्ही कागदांवर सारखी आहे का? नसेल तर इथेच थांबा.

टप्पा २ : मुलाची फाइल बांधा

चार-पाच प्लॅस्टिकच्या पिशव्यांत विखुरलेले रिपोर्ट घेऊन बोर्डासमोर, म्हणजे टक्के ठरवणाऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांसमोर, बसू नका. एक फाइल घ्या आणि कागद तारखेच्या क्रमाने लावा : प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड (बाळ काचेच्या पेटीत होतं का, उशिरा रडलं का, कावीळ झाली का हे त्यात असतं), लसीकरण कार्ड, एमआरआय किंवा ईईजी झाले असतील तर त्यांचे लेखी रिपोर्ट, श्रवणाची बेरा तपासणी, डोळ्यांची तपासणी, चालू औषधांची चिठ्ठी, थेरपीच्या नोंदी, शाळेचा किंवा अंगणवाडीचा अभिप्राय. एमआरआयची मोठी फिल्म हरवली तरी चालेल, लेखी रिपोर्ट हरवू देऊ नका. झेरॉक्सचे दोन संच करा. मूळ कागद कुणाच्याही टेबलावर सोडून येऊ नका.

तपासण्या झाल्या नसतील तर खासगीत पैसे घालण्याआधी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालणाऱ्या या केंद्रांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार मोफत होतात. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणारं पथक याच कार्यक्रमाचं असतं. त्या पथकाकडून संदर्भचिठ्ठी घेतली तर केंद्रात ओळख सांगत बसावं लागत नाही.

वयाचे नियम माहीत नसल्याने अनेक फेऱ्या फुकट जातात. बौद्धिक अक्षमतेसाठी १ वर्ष पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. १ ते ५ वर्षांत 'सर्वांगीण विकासातला विलंब' असं निदान लिहितात आणि प्रमाणपत्र तात्पुरतं असतं. 'बौद्धिक अक्षमता' ही नोंद ५ वर्षांनंतर होते. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन, गणितातली अडचण) प्रमाणपत्र ८ वर्षांच्या आत मागू नका.

आता सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट. एकापेक्षा जास्त अपंगत्व असेल तर प्रत्येकाचा कागद फाइलमध्ये हवा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे हातपाय सगळ्यांना दिसतात, कमी ऐकू येतं हे मात्र कुणी तपासत नाही. टक्के एकत्र करताना साधी बेरीज होत नाही. मोठ्या टक्केवारीला 'अ' आणि लहानीला 'ब' म्हटलं, तर सूत्र असं : अ + ब × (९० − अ) ÷ ९०. समजा बौद्धिक अक्षमता ७५ टक्के आणि श्रवणदोष ४० टक्के आहे. मग ७५ + ४० × १५ ÷ ९०, म्हणजे जवळपास ८२ टक्के. श्रवणाचा रिपोर्ट नसता तर मूल ७५ वरच थांबलं असतं. ८० टक्क्यांच्या रेषेवर कार्डाचा रंग आणि आयकरातली वजावट, दोन्ही बदलतात.

टप्पा ३ : यूडीआयडीचा अर्ज

अर्ज फक्त केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवर होतो. घरी मोबाइलवर भरता येतो, नाहीतर महा-ई-सेवा केंद्रातून. मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा ताजा फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून ठेवा. कागद वाचता येतील असे असू द्या. सावली पडलेल्या फोटोमुळेही अर्ज मागे येतो.

भरताना दोन ठिकाणी सावकाश जा.

पहिलं, अपंगत्वाचा प्रकार. कायद्यात २१ प्रकार आहेत. मुलाला लागू होणारे सगळे निवडा. केंद्रचालक घाईत वरचा पहिला पर्याय दाबून मोकळा होतो, म्हणून स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या आणि 'सबमिट' करण्याआधी स्वतः वाचा.

दुसरं, रुग्णालय. राहत्या जिल्ह्यातलं किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथलं निवडता येतं. जवळचं म्हणून उपजिल्हा रुग्णालय निवडलं आणि तिथे फक्त अस्थिरोग तज्ज्ञ असला, तर स्वमग्नतेचा अर्ज तसाच पडून राहतो. अर्जाआधी एक फोन किंवा एक फेरी करून विचारा : मानसशास्त्रज्ञ आहे का, बालरोग किंवा मनोविकार तज्ज्ञ बोर्डावर आहे का, बोर्ड कोणत्या वारी बसतं, टोकन किती वाजता संपतात. मुंबईत अध्ययन अक्षमतेसाठी केईएम, नायर आणि सायन इथे केंद्रं आहेत. तिथे तारीख लांबची मिळते, म्हणून दहावीच्या तोंडावर धावाधाव करू नका.

अर्जाचा नोंदणी क्रमांक फाइलच्या आतल्या बाजूला पेनने लिहा. मोबाइलमधला स्क्रीनशॉट मोबाइलबरोबर जातो. दोन वर्षं काहीच हालचाल नसलेला अर्ज बाद होऊन नवा करावा लागतो.

जुनं हस्तलिखित किंवा 'एसएडीएम' या राज्याच्या आधीच्या संगणक प्रणालीतलं प्रमाणपत्र असेल तर ते फाडू नका, टाकूही नका. नव्या अर्जाला तेच जोडा.

> इशारा : 'टक्के वाढवून देतो' म्हणणाऱ्या एजंटपासून लांब राहा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार फसवून लाभ घेतल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एजंट निघून जातो, नाव कुटुंबाचं लागतं.

टप्पा ४ : तपासणीचा दिवस

इथे थोडं थांबून वाचा, कारण खरं नुकसान इथेच होतं.

बौद्धिक अक्षमतेचं प्रमाण ठरवताना मुलाची बुद्धिमत्ता चाचणी होते. त्याबरोबर व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापन होतं, आणि त्यात मुलापेक्षा आईला जास्त विचारतात. मूल स्वतः काय करतं, हे मानसशास्त्रज्ञाला त्या अर्ध्या तासात दिसत नाही. तो आईच्या उत्तरांवर गुण देतो.

प्रश्न येतो : 'हाताने जेवतो का?' आई पटकन 'हो' म्हणते. तिला खोटं बोलायचं नसतं. चार वर्षं घासून शिकवलेलं असतं, चारचौघांत लेकराचा कमीपणा सांगायला जीभ वळत नाही. पण घरी नेमकं काय होतं? भात ती कालवते. घास ती बांधून ताटाच्या कडेला ठेवते. मूल तो उचलतं, निम्मा खाली सांडतो, तिसऱ्या घासाला उठून जातं, मग ती मागे फिरून भरवते. हे 'हो' नाही. 'दात घासतो' म्हणजे ब्रशवर पेस्ट कोण लावतं? 'शी-शू सांगतो' म्हणजे दिवसातून किती वेळा, आणि रात्रीचं काय? 'एकटा दुकानात जातो' म्हणजे दुकान समोरच आहे, आई दारात उभी असते आणि दुकानदार ओळखीचा आहे, असं तर नाही?

यावर एकच उपाय नीट चालतो. तपासणीआधी ७ दिवस एक वही करा. रोज जेवण, अंघोळ, कपडे, शी-शू, झोप, बोलणं, घराबाहेर जाणं एवढ्याच बाबी. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा : सुरुवात कोणी केली, हात कितपत लावावा लागला, किती वेळ लागला. बोर्डासमोर वही उघडून उत्तरं द्या. 'कधी कधी करतो' असं म्हणू नका, '७ दिवसांत २ वेळा केलं' असं सांगा.

उलटी चूकही होते. 'काही बोलू नकोस' असं मुलाला शिकवून आणलं, किंवा सगळ्याच प्रश्नांना 'नाही, नाही' म्हटलं, तर ते अनुभवी माणसाच्या लगेच ध्यानात येतं, मग खऱ्या अडचणीवरही विश्वास बसत नाही.

स्वमग्नतेसाठी ४० मुद्द्यांचं भारतीय मापन (आयएसएए) वापरतात. ७० च्या खाली गुण आले तर स्वमग्नता धरत नाहीत. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. दवाखान्यात गप्प बसलेलं मूल घरी तासन् तास पंखाच बघत असेल, तर मोबाइलवर घेतलेले दोन-दोन मिनिटांचे तीन-चार व्हिडिओ दाखवा.

त्या दिवशीच्या बारीकसारीक गोष्टी :

- आकडीचं औषध चुकवू नका. झोप आणणारं काही जास्तीचं देऊही नका.
- चष्मा आणि श्रवणयंत्र लावून न्या. श्रवणयंत्राचे सेल आदल्या रात्री बदला.
- मोठी माणसं दोन हवीत. एकाने रांग धरायची, दुसऱ्याने मुलाला बाहेर झाडाखाली ठेवायचं. शेजाऱ्यांनी 'काही लागलं तर सांगा' म्हणण्याऐवजी हा एक दिवस द्यावा.
- घरी अहिराणी, मालवणी, गोंडी किंवा हिंदी बोलत असाल तर चाचणीआधीच सांगा. पुस्तकी मराठीतला प्रश्न न कळलेलं मूल 'उत्तर देत नाही' असं लिहिलं जातं.
- मूल घाबरून रडतच राहिलं तर अर्धवट चाचणी रेटू नका, दुसरी तारीख मागा.

टप्पा ५ : हातात आलेलं कार्ड लगेच वाचा

पांढरं कार्ड ४० टक्क्यांखाली, पिवळं ४० ते ८० च्या आत, निळं ८० आणि त्यापुढे. नियमांत प्रमाणपत्र देण्याची मुदत ३ महिने आहे. कार्ड टपालाने उशिरा आलं तरी पोर्टलवरून उतरवलेलं ई-प्रमाणपत्र चालतं.

पाच गोष्टी बघा : स्पेलिंग, जन्मतारीख, अपंगत्वाचे सगळे प्रकार, टक्के, आणि 'तात्पुरतं' की 'कायम'. निर्णय मान्य नसेल तर अपील ९० दिवसांत करायचं असतं. 'दिवाळीनंतर बघू' म्हटलं की ते दिवस सरतात.

बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारणपणे ५, १० आणि १८ व्या वर्षी नव्याने करावं लागतं, १८ चं मग आयुष्यभराचं. ही वर्षं कॅलेंडरवर नको, फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. मुदत संपण्याआधी ४ महिने अर्ज टाका.

टप्पा ६ : आता लाभ, पण याच क्रमाने

पहिला अर्ज निरामयचा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा हा आरोग्य विमा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं कवच मिळतं. आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि आधीपासून असलेल्या आजारालाही नकार नाही. नेहमीच्या विम्यात न बसणारी गोष्ट यात बसते : बाह्यरुग्ण उपचार, औषधं आणि थेरपी. प्रत्येक बाबीला वेगळी मर्यादा आहे, पूर्ण लाख एकाच गोष्टीवर मिळत नाही. नोंदणी न्यासाशी संलग्न संस्थेमार्फत सोपी जाते. नूतनीकरण दरवर्षी करायचं असतं, आणि कुटुंबं नेमकी तिथेच चुकतात.

दावे नाकारले जातात ते बिलांमुळे. थेरपीचं बिल कोऱ्या कागदावर नको. छापील पावती, तारीखवार सत्रं, थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक, सही-शिक्का आणि 'थेरपी आवश्यक' असं लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी हवी. बिलं महिन्याच्या महिन्याला पाठवा, वर्षाचा गठ्ठा करू नका.

दुसरं, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र यांसारखी साधनं. केंद्राच्या एडिप योजनेत पालकांचं मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या खर्चाची मदत. तेच साधन पुन्हा ३ वर्षांनी मिळतं, पण १२ वर्षांखालील मुलांना १ वर्षाने. शिबिरात 'आहे ती घ्या' म्हणत मोठ्या माणसाची चाकाची खुर्ची देऊ लागले तर घेऊ नका. रुंद खुर्चीत मूल एका बाजूला कलंडतं आणि पाठीचा कणा वाकतो. बसवून बघा : नितंबांच्या दोन्ही बाजूंना फार मोकळी जागा नको, आसनाची कड आणि गुडघ्यामागची घडी यांत ३ ते ६ सेंटिमीटर अंतर हवं, तळवे पायपट्टीवर पूर्ण टेकले पाहिजेत.

तिसरं, शाळा. ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा 'आमच्याकडे सोय नाही' म्हणाली तर ते लेखी मागा. बहुतेकदा तिथेच सूर बदलतो. नाही बदलला तर तो कागद घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. घराबाहेर पडूच न शकणाऱ्या मुलासाठी घरी येणाऱ्या विशेष शिक्षकाची मागणी तिथेच करायची. लेखनिक आणि जादा वेळेचा अर्ज नववीत तयार ठेवा, दहावीच्या हॉलतिकिटानंतर नाही.

एसटीचं सवलत भाडं यूडीआयडीवर मिळतं. रेल्वेला मात्र स्वतःच्या ठरलेल्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं, तिकीट खिडकीवर नुसतं कार्ड दाखवून भांडण होतं. आयकरात जुनी पद्धत निवडणाऱ्या पालकांना आजवर '८० डीडी' म्हणून ओळखली जाणारी वजावट आहे : ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपये, ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपये, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. पालक सरकारी नोकरीत असतील तर मुलाचं नाव आणि प्रमाणपत्र नोकरीत असतानाच सेवापुस्तकात नोंदवा. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी ही नोंद नसली की आईला म्हातारपणी कचेऱ्या झिजवाव्या लागतात. संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयातल्या त्याच नावाच्या शाखेत करा, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा न्या.

टप्पा ७ : १८ वर्षांचं होण्याआधी

'मी आई आहे, माझी सही चालणारच' ही समजूत १८ व्या वाढदिवसाला संपते. त्या दिवसापासून मूल कायद्याने प्रौढ असतं. बँक आईची सही घेत नाही, मुलाच्या नावावरच्या जमिनीचा व्यवहार अडतो.

वर सांगितलेल्या चार गटांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली कायदेशीर पालकत्व मिळतं. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती घेते. कोर्टात जावं लागत नाही. १७ वं वर्ष लागलं की तयारी सुरू करा : यूडीआयडी, जन्मदाखला, होणाऱ्या पालकांची ओळखपत्रं आणि संमती, भावंडांचं ना-हरकत पत्र, मुलाच्या नावावरच्या मालमत्तेची यादी. आई-वडील दोघं मिळून अर्ज करू शकतात, आणि दोघांनी मिळूनच करावा. एकट्याचं नाव असलं आणि तोच गेला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

> इशारा : मूल केवळ चालू शकत नाही, बघू किंवा ऐकू शकत नाही, पण स्वतःचे निर्णय घेतं, अशा मुलासाठी पालकत्वाचा अर्ज करू नका. बँकेच्या सोयीसाठी त्याचा सहीचा हक्क काढून घेऊ नका.

पालकत्वाचा आदेश हातात आला की काम संपलं असं वाटतं. नेमणुकीपासून ६ महिन्यांत मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते, आणि मग दर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, हिशेब. रक्कम छोटी असली तरी हिशेब द्या. एका वहीत डावीकडे आलेले पैसे, उजवीकडे खर्च, मागे पावत्या चिकटवलेल्या, आणि दिलेल्या प्रतीवर कार्यालयाचा आवक शिक्का. ही वही मुलाच्या त्याच फाइलमध्ये ठेवा आणि फाइल कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवा.